यंत्राला भाऊबंद नसतात

तेमिरकुल अगायांचं मत नाही असा विषय आमच्या कायिंदीबेल गावात शोधूनही सापडला नसता. मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे मधमाश्या मरतात का, मुलांचे निबंध संगणकानं लिहून दिले तर गुण कुणाला द्यायचे, वरच्या हिमनदीवर पांढरं कापड अंथरायची टूम शहाणपणाची की खुळेपणाची, मतदानाला बोटाचा ठसा यंत्रानं घ्यावा का, हे सगळं चौकटीच्या वहीच्या चार पानांवर, जांभळ्या शाईत, दर मंगळवारी दुपारी माझ्या टेबलावर यायचं. मी ‘अशू’मध्ये पानं लावते आणि मुद्रितं तपासते. अशू म्हणजे खिंड. आमच्या जिल्ह्याच्या साप्ताहिकाचं नाव. तीन खोल्यांची कचेरी, आम्ही चार माणसं. अगायांचं ‘माझं मत’ हे सदर तिसऱ्या पानावर, हवामान आणि श्रद्धांजली यांच्यामध्ये.

अगाय म्हणजे गुरुजी. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, मलाही शिकवलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, बायको गेली, मुलगी गुलसून राजधानीत नांदायला गेली, तरी गावाला ते अगायच राहिले. उंच, खांद्यात जरा वाकलेले, खिशात कायम फुटपट्टी. माणसाचं बोलणं ऐकतानाही ते मोजमाप घेतल्यासारखं बघायचे. त्यांची चूक काढणारा एकच माणूस होता गावात, मुकाश.

मुकाश बायके, म्हणजे मुकाशदादा, कोर्टातले निवृत्त कारकून. बुटके, गोल, एका कानाची पाळी लहानपणी हिमदंशानं गेलेली. दर रविवारी बाजारातल्या साबिराच्या चहाच्या दुकानात दोघं खिडकीपाशी बसायचे. वाटीभर रस्सा, पाव आणि भांडण.

“काय मास्तर, या आठवड्यात कुणाला अक्कल शिकवलीस?”

“तुझ्यासारख्यांना. पण तू वर्गात कधी बसलाच नाहीस.”

“मी कोर्टात बसलो, तीस वर्षं. कायदा वाचायला एक असतो आणि लागायला एक, एवढं तिथं कळलं. तू मात्र अजून वाचायलाच बसलायस.”

“वाचणारा कुणीतरी पाहिजे ना. तुम्ही तर शिक्के मारण्यात आयुष्य घालवलंत.”

साबिरा चहा ओतता ओतता म्हणायची, “तुमचं लग्न लावून द्यायला पाहिजे होतं दोघांचं.” दुकान हसायचं. मी कितीदा त्या हसण्यात होते.

आयझिरेक गेली ती ऑक्टोबरात. माझ्या धाकट्या भावाची, एरनाझारची मुलगी. नऊ वर्षांची. शाळेतून येताना चिनारांच्या वळणावर गाडीनं उडवलं आणि गाडी थांबली नाही. लांब टेकडीवरून एका मेंढपाळानं पांढरी गाडी पाहिली. आमच्या जिल्ह्यात निम्म्या गाड्या पांढऱ्या. वळणावरच्या दुकानातल्या बाईनं पहिल्या दिवशी सांगितलं, नंबर दिसला, अर्धा आठवतोय. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, चष्मा नव्हता, काहीच दिसलं नाही. मधल्या काळात तिच्या घरी कोण गेलं, कुणाचा जावई कुणाचा आतेभाऊ लागतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कागदावर कुठंच नव्हतं. तपास बंद झाला.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला अगाय आले. ताटाला हात न लावता बसले होते. एरनाझार त्यांच्यासमोर जाऊन बसला. तोही त्यांचाच विद्यार्थी.

“अगाय, तुमचं सगळ्यावर मत असतं. यावर काय आहे?”

अगायांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. थोड्या वेळानं ते उठले, कोट चढवला आणि गेले.

त्या मंगळवारी चार नव्हे, आठ पानं आली. रस्त्यावर, वळणांवर, बाजारात कॅमेरे लावावेत, नंबर आणि चेहरे ओळखणारे कॅमेरे, असं त्यांचं म्हणणं. राजधानीत ते लागले होतेच. अगायांनी प्रकाश, अंतर, भिंगं सगळं समजावून लिहिलं होतं. शेवटाकडे एक वाक्य होतं: “यंत्रास कोणतेही नातेसंबंध नसल्याकारणाने त्याची साक्ष मानवी साक्षीपेक्षा अधिक निःपक्षपाती ठरते.” मी ते वाचलं आणि मला त्या दुकानातल्या बाईचा चेहरा दिसला. मी वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं: “माणसाचा डोळा थकतो, आणि नातलगासाठी खोटंही बोलतो. यंत्राला भाऊबंद नसतात.” शेवटचे तीन शब्द मथळ्यातही टाकले.

दुसऱ्या दिवशी मुद्रित बघून अगाय म्हणाले, “बुरुल, हे माझ्यापेक्षा बरं लिहिलंयस.”

“राहू देऊ?”

“राहू दे. मला हेच म्हणायचं होतं.”

तो अंक हातोहात गेला. लोकांनी लेख कापून दुकानांच्या काचांवर चिकटवला. वसंतात सांस्कृतिक भवनात जाहीर सभा झाली. राजधानीहून कॅमेऱ्यांच्या कंपनीचे दोघे आले होते, पडद्यावर चित्रं दाखवत होते. मुकाश बायके उभे राहिले.

“गाडीचा नंबर बघणारा डोळा उद्या तोंड बघेल. बघू दे. पण तो डोळा कुणाच्या खोलीत उघडतो, ते कुणी विचारलंय का? आणि त्याचं चुकलं तर मी कुणाच्या नावानं तक्रार करायची? खांबाच्या?”

अगाय दुसऱ्या बाजूनं म्हणाले, “मुकाश, तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय? आंबलेल्या दुधाची बुधली?”

सभागृह खदखदून हसलं. मुकाश बायकेही हसले आणि खाली बसले. मीही हसले. माझ्या बाजूला एरनाझार बसला होता, तो हसला नाही, पण कॅमेऱ्यांच्या बाजूनं हात सगळ्यात आधी त्याचा वर गेला.

एकोणीस कॅमेरे लागले. आणि त्यांनी काम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. पहिल्याच वर्षी त्याच वळणावर एका प्यायलेल्या ट्रकवाल्यानं साबिराच्या भावाचा पाय मोडला आणि पळाला. दोन तासांत सापडला. त्याचे नातेवाईकही होते, पोहोचलेले होते, पण काही चाललं नाही. शरदात डोंगरावरून घोडे चोरणारी टोळी सापडली. अगायांनी त्यावर दोन लेख लिहिले. मुकाश बायके म्हणाले, “बरं बाबा, हरलो,” आणि त्या रविवारी रस्सा त्यांच्याकडून.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात नदी आटली. धरणात पाणी नाही म्हणून वीज जायला लागली, रोज चारला जायची ती आठाला यायची. मुलं कोट घालून मेणबत्तीवर अभ्यास करायची. आणि वीजकेंद्राच्या खालच्या अंगाला, जुन्या लोकर कारखान्याच्या आवारात, एक लांबलचक पत्र्याची शेड होती. आत संगणकी नाणी तयार करणारी यंत्रं. ती रात्रंदिवस घरघरायची. सगळ्या गावाची छपरं बर्फाखाली असायची, त्या एकाच छपरावर बर्फ टिकायचा नाही. अगायांनी लिहिलं की इस्पितळातला क्ष-किरण बंद आणि आकडेमोड चालू, हा कुठला हिशेब? आमचे संपादक इशेन बायके यांनी अर्धा लेख कापला आणि उरलेला छापला.

जानेवारीच्या मधल्या शुक्रवारी दुपारी लोक जिल्हा कचेरीसमोर जमले. दोन-तीनशे असतील. मी आमच्या कचेरीच्या खिडकीतून पाहिलं, मुकाश बायके मेंढीच्या कातड्याच्या कोटात हात घालून गर्दीच्या कडेला उभे होते. तीनच्या सुमारास. मग लोक पांगले. काही तरुण मात्र शेडकडे गेले. अंधार पडता पडता, पावणेसहाला, फाटकापाशी रेटारेटी झाली, कुणीतरी लोखंडी तुकडा फेकला. पहारेकऱ्याचा डोळा गेला. तो वरच्या गावचा, तीन मुलांचा बाप.

दहा दिवसांनी पोलीस मुकाश बायकेंना घेऊन गेले. शेडच्याच विजेवर चालणाऱ्या, समोरच्या खांबावरच्या कॅमेऱ्यानं फेकणाऱ्याचा चेहरा जुळवला होता. जुळणी शंभरात चौऱ्याण्णव.

अगायांना मी सांगितलं तेव्हा ते हसलेच.

“चौऱ्याहत्तराव्या वर्षी मुकाश लोखंड फेकतोय! अगं, त्याला कोटाचं बटण लावता येत नाही. आणि त्या वेळी तो माझ्याकडे होता. माझा घोडा अडकवून बसला होता.”

“बुद्धिबळ?”

“मग काय. दिवे गेले तेव्हा आला, दिवे आल्यावर गेला. थांब, मी सांगून येतो.”

पोलीस ठाणं आमच्या कचेरीपासून चार घरं. त्यांनी टोपी घातली आणि निघाले, जसं काही दुकानातून मीठ आणायला चाललेत. संध्याकाळी परत आले तेव्हा माझ्याकडे आले नाहीत. मी खिडकीतून त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं. एकोणिसातल्या एका खांबापाशी ते थांबले आणि वर बघत बराच वेळ उभे राहिले.

मार्चमध्ये सरकारी वकिलांच्या कचेरीतून आम्हाला पत्र आलं. अमुक तारखेचा जुना अंक पाठवावा. अशी पत्रं येतात, जमिनीच्या जाहिराती, हरवल्याच्या नोटिसा. मी कपाटातून अंक काढला, शिक्का मारला, पाठवला. मथळाही नीट पाहिला नाही. निदान मी स्वतःला अजून तसंच सांगते.

खटला एप्रिलमध्ये चालला. सरकारी वकील कानिशाय, पस्तिशीची. तीही अगायांच्या वर्गातली, भौतिकशास्त्रात तालुक्यात पहिली आलेली. न्यायालयात तिनं त्यांना खुर्ची पुढे केली.

“अगाय, बसा ना. उभं राहायची गरज नाही.”

“मी उभाच बरा.”

“आरोपीला तुम्ही किती वर्षं ओळखता?”

“एकसष्ट.”

“मैत्री?”

“भांडण म्हण. पण न चुकता.”

लोक हसले. पिंजऱ्यातून मुकाश बायकेंचाही आवाज आला. कानिशाय हसली नाही, पण तिनं आवाजही चढवला नाही. पुढचं सगळं तिनं अदबीनं विचारलं.

“त्या संध्याकाळी घरात दिवे होते?”

“नव्हते. मेणबत्ती होती.”

“तिसरं कुणी होतं?”

“मांजर होतं.”

“पावणेसहाला तुम्ही घड्याळ पाहिलंत?”

“पाहायची गरज नव्हती. चारला तो आला, आठाला गेला. मधे फक्त चहाचं पाणी ठेवायला उठला.”

“तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना, अगाय?”

“झालंय. म्हणून तर आता नीट दिसतं.”

मग तिनं फाइलमधून घडी केलेला अंक काढला. माझा शिक्का मला लांबूनही ओळखू आला. तिनं सावकाश वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं. माणसाचा डोळा थकतो, आणि नातलगासाठी खोटंही बोलतो. यंत्राला भाऊबंद नसतात.

“हे तुमचंच लिखाण ना?”

अगायांनी बाकांकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर आली आणि तिथंच राहिली, फार तर एक श्वासभर. मी उठून सांगू शकले असते. मी बसूनच राहिले.

“माझंच,” अगाय म्हणाले.

“आजही तुमचं हेच मत आहे?”

त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांना तेवीस वर्षांत कधी असं पाहिलं नव्हतं, शब्द शोधताना. शेवटी ते म्हणाले, “तो माझ्या घरी होता. हे मत नाही, पोरी. हे झालंय.”

न्यायाधीशांनी ते नोंदवून घेतलं. निकालात लिहिलं की साक्षीदार वयोवृद्ध, आरोपीचा जुना स्नेही, साक्ष विश्वसनीय नाही. अडीच वर्षं. मुकाश बायकेंना खाली सपाटीवरच्या तुरुंग वसाहतीत पाठवलं. त्यांची बायको सायराकान एजे, म्हणजे सायराकानताई, न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसली आणि तिला उठवायला आम्ही तिघी लागलो.

त्यानंतर अगायांनी लेख देणं थांबवलं. अपील होतं, त्याच्या कामाला लागले. आरोपीच्या वकिलाकडून त्यांनी ते एक चित्र मिळवलं ज्यावर सगळा खटला उभा होता. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, खाली तोंडाचा राखी तुकडा, टपाल तिकिटाएवढा. अगायांनी भिंगाखाली ठिपके मोजले. नाकापासून कानापर्यंत अकरा. मग त्यांनी शाळेतून प्रकाश मोजायचं जुनं यंत्र मागून आणलं, टेप घेतली आणि संध्याकाळच्या त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच उंचीवरून गावातल्या बारा म्हाताऱ्यांचे तशीच टोपी घालून फोटो काढले. शिडी मी धरत होते. वसंतात कोल्ह्याच्या टोप्या घालून रांगेत उभे राहिलेले म्हातारे बघून पोरंटोरं हसत होती. म्हातारे घामाघूम, पण एकानंही नाही म्हटलं नाही.

त्या फोटोंचे तसेच ठिपके पाडून, त्यांत मुकाश बायकेंचा एक जुना फोटोही घालून, अगायांनी बाजारात लोकांना विचारलं, यात मुकाश कोण? साठ जणांत सात जणांनी बरोबर सांगितलं. शेवटी ते कागद घेऊन ते सायराकान एजेकडे गेले. बेचाळीस वर्षांचा संसार. तिनं चष्मा पुसला, एकेक फोटो उचलून पाहिला आणि बोट ठेवलं.

“हा. हे बघा, हा.”

तो टायरवाला सादिर होता.

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती त्या फोटोवर पालथा हात ठेवून रडत राहिली.

सव्वीस पानांचा अहवाल झाला. मी टाइप केला, चारदा तपासला. त्यात एकही विशेषण नव्हतं. वरच्या न्यायालयानं तो तीन आठवड्यांनी परत पाठवला. सोबत एक ओळ: सदर व्यक्तीची तज्ज्ञ म्हणून नोंद नाही. नोंद असलेली एकच संस्था होती, आणि कॅमेरे पास करणारी तीच. अगायांनी लिफाफा उलटा करून मला दाखवला. चिकटपट्टीवर चिकटपट्टी लावलेली होती, आतली पानं माझ्या टाचणीसकट जशीच्या तशी, कुणी न वाचलेली.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, “ते वाक्य माझं होतं. तुम्ही सांगितलं का नाही?”

“सही माझी होती.”

“पण सांगितलं असतं तर...”

“तर काय? कॅमेऱ्याच्या जागी बुरुलला बोल लागला असता.” त्यांनी चहा ढवळला, साखर न घालताच. “आणि मला ते आवडलं होतं. तू लिहिलेलं. फार आवडलं होतं.”

एरनाझारला हे सगळं कळत होतं, तो फोटोंसाठी शिडीही घेऊन आला होता. पण एकदा त्यानं स्पष्ट सांगितलं, “अगाय, मुकाश बायकेंसाठी काय वाट्टेल ते करतो. पण वळणावरचा कॅमेरा काढा असं लिहिलंत तर मी तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही.”

“मी काढा म्हणत नाही.”

“मग काय म्हणता?”

“तेच कळत नाहीये मला, एरनाझार.”

मला वाटतं, त्यांच्या तोंडून असं वाक्य गावात पहिल्यांदाच कुणी ऐकलं. एरनाझार शिडी खांद्यावर घेऊन गेला.

शरदात माफीचा हुकूम निघाला. सत्तरी ओलांडलेल्यांना सोडायचं, पण गुन्हा कबूल केल्याची सही पाहिजे. मुकाश बायकेंनी सही करायला नकार दिला. त्यांना खोकला लागला होता, पत्रातलं अक्षर हलायला लागलं होतं. सायराकान एजे अगायांकडे आली.

“तुम्ही सांगितलंत तरच तो ऐकेल.”

“एजे, त्यानं केलं नाही ते कबूल कर म्हणून मी सांगू?”

“हो. मला तो खरा नकोय, घरी पाहिजे.”

अगाय दोन बस बदलून वसाहतीत गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. काचेच्या दोन्ही बाजूंना फोन होता. मुकाश बायके म्हणाले, “मास्तर, तूच सांगतोयस हे?”

“मीच.”

“मी सही केली की तू कोर्टात खोटं बोललास असं होईल. कायद्यानं.”

“होऊ दे.”

“नंतर सदरातून माझी शिकवणी घेशील.”

“सदर बंद आहे.”

मुकाश बायके काचेच्या जवळ सरकले म्हणे. मग म्हणाले, “तू इतका बारीक कधी झालास?” आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्याकडे पेन मागितलं.

नोव्हेंबरात ते घरी आले. ‘अशू’त माफी मिळालेल्यांची यादी आली: गुन्हा कबूल करून पश्चात्ताप व्यक्त करणारे. मी ती लावली. तिसऱ्या नावाशी माझा हात थांबला, पण यादी सरकारी होती, एक अक्षर बदलायची मुभा नव्हती.

अगाय रोज दुपारी त्यांच्याकडे जायचे, दूध घेऊन. पट मांडायचे नाहीत. मुकाश बायकेंचा हात थरथरायचा, प्यादी पडायची, आणि ती पडलेली त्यांना उचललेली आवडायची नाहीत. मी एकदा गेले तेव्हा दोघं खिडकीशी बसून बाहेर बघत होते. मुकाश बायकेंनी पडदा अर्धा ओढून घेतलेला होता. कोपऱ्यावर खांब होता.

डिसेंबरच्या एका मंगळवारी अगाय कचेरीत आले आणि माझ्या टेबलावर चौकटीचा एकच कागद ठेवला. दोन ओळी. “मी कॅमेऱ्यांबद्दल जे लिहिलं ते पुरेसा विचार न करता लिहिलं. मुकाश त्या संध्याकाळी माझ्या घरी होता.”

मी तो इशेन बायकेंकडे नेला. अगाय मागोमाग आत आले. इशेन बायकेंनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

“पहिली ओळ छापतो, अगाय. दुसरी नाही.”

“दुसरीसाठीच पहिली आहे.”

“खोट्या माहितीविरुद्ध कायदा आलाय. तुम्हीच त्यावर लिहिलं होतंत, अफवा थांबतील म्हणून. न्यायालयानं ठरवलंय की तो शेडपाशी होता. त्यानं स्वतः सही केलीय. आता हे वाक्य छापलं की ते खोटं. पेपर बंद होईल. या चार माणसांनी कुठं जायचं?”

“पण ते खरं आहे, इशेन.”

“मला माहितीय,” इशेन बायके म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. “गावाला माहितीय.”

अगायांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मला म्हणाले, “माझी चौकट मोकळी ठेवू नकोस. काहीतरी लाव तिथं.” तेव्हापासून तिथं राशिभविष्य येतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुकाश बायके गेले. छातीत पाणी झालं होतं. अंगणात तंबू उभारला, आम्ही बायका आत सायराकान एजेभोवती बसलो होतो. बाहेर पुरुष रांगा करून उभे. नमाज झाला आणि मोल्दोनं, म्हणजे आमच्या मौलवीनं, रीतीप्रमाणे लोकांना विचारलं, “हा कसा माणूस होता?”

लोकांनी एका आवाजात म्हणायचं असतं, चांगला माणूस होता. पण त्याआधी तंबूच्या लोकरी नमद्याच्या भिंतीपलीकडून अगायांचा आवाज आला. शाळेत मागच्या बाकापर्यंत जायचा, तसा.

“त्या संध्याकाळी तो माझ्या घरी होता. चारपासून आठपर्यंत. मी शुद्धीवर होतो आणि मला दिसत होतं.”

आत सायराकान एजेचं रडणं थांबलं. बाहेर काहीच ऐकू येईना. सगळ्यांना माहीत होतं, जिल्हा कचेरीची दोन माणसं मागच्या रांगेत उभी होती आणि फाटकासमोर खांब होता. मग एरनाझारचा आवाज आला, “चांगला माणूस होता.” आणि त्यामागून एकेक करत बाकीचे, एका आवाजात नाही, तुटक तुटक, कुणी आधी, कुणी उशिरा. काही जण बोललेच नसतील.

त्यावरून अगायांना दोनदा ठाण्यात बोलावलं. समज देऊन सोडलं. वय बघून, असं सांगितलं. लोखंड कुणी फेकलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. डोळा गेलेला पहारेकरी नुकसानभरपाईसाठी अजून खेपा घालतो. आयझिरेकला उडवणारी पांढरी गाडीही कळली नाही, ती तर कॅमेऱ्यांच्या आधीची. एरनाझार त्या वळणावरून जाताना अजून गाडीचा वेग कमी करतो आणि खांबाकडे बघतो. काय मनात येतं त्याच्या, मी विचारलेलं नाही.

उन्हाळ्यात गुलसून आली आणि वडिलांना राजधानीला घेऊन गेली. पुस्तकं शाळेला दिली, पट सायराकान एजेकडे ठेवला. निघताना त्यांनी मला काही उपदेश केला नाही, तेव्हाच मला वाईट वाटलं.

आता मीच पंधरा दिवसांनी फोन करते. परवा सांगितलं, की शाळेच्या प्रत्येक वर्गात कॅमेरा बसवणार आहेत, मुलांचं लक्ष आहे की नाही ते यंत्र बघणार म्हणे. जिल्हा परिषदेत ठराव आलाय, लोक दोन्ही बाजूंनी भांडताहेत. मी थांबले. पलीकडे गुलसूनच्या घरातला दूरदर्शन संच चालू होता.

“तुम्हाला काय वाटतं, अगाय?”

“थंडी पडली का तिकडे?” त्यांनी विचारलं.

“पडली. खिंड बंद झाली काल.”

“सांभाळून राहा,” ते म्हणाले, आणि फोन नातीच्या हातात दिला.